एक किताब, दोन गदा: महाराष्ट्र केसरीची जोड का लागत नाही?

नोव्हेंबर २०२३. पुणे जिल्ह्यातील फुलगावच्या आखाड्यात सिकंदर शेखने शिवराज राक्षेला अवघ्या काही सेकंदांत अस्मान दाखवले आणि महाराष्ट्र केसरीचा किताब पटकावला. त्यानंतर दोन आठवडेही उलटले नव्हते, तोच धाराशिव येथे त्याच शिवराज राक्षेने हर्षवर्धन सदगीरला पराभूत केले. आणि तोही महाराष्ट्र केसरी झाला. एक राज्य, एक महिना, एकच किताब. केसरी मात्र दोन, आणि त्या दोघांची आपसांतली कुस्ती आधीच होऊन निकाली लागलेली.

हा धागा त्या विसंगतीविषयी आहे. समाजमाध्यमांवर दर हंगामात एक मागणी उसळते: दोघांची एकदा लावून द्या, म्हणजे खरा केसरी कोण ते कळेल. मागणी करणाऱ्यांना वाटते, पैलवान एकमेकांना टाळतात. मुष्टियुद्धाच्या चाहत्यांनाही हेवीवेट गटाविषयी गेली पन्नास वर्षे तसेच वाटत आले आहे. दोन्हीकडे हा समज बहुतांशी चुकीचा आहे. किताब दुभंगतो तो भीतीमुळे नव्हे. किताब देणे हाच ज्यांचा व्यवसाय, त्यांच्यासाठी एकीकरण म्हणजे दुकान बंद होणे असते.

प्रथम मुष्टियुद्धाचे उदाहरण पाहणे सोयीचे, कारण तिथे हिशेब उघड्यावर आहे. फेब्रुवारी १९७८ मध्ये लिऑन स्पिंक्सने मुहम्मद अलीला हरवले, तेव्हा जागतिक हेवीवेट किताब एकसंध होता. वर्ल्ड बॉक्सिंग कौन्सिलचा आग्रह होता की स्पिंक्सने पुढची लढत केन नॉर्टनशी द्यावी. स्पिंक्सने अलीबरोबरची परतीची लढत निवडली, कारण पैसा तिथे होता. कौन्सिलने त्याचा किताब काढून नॉर्टनला बहाल केला. म्हणजे ठोसा न मारता एक विश्वविजेता घडला! त्या दिवसापासून किताबाची जी फाळणी झाली ती १९८७ पर्यंत टिकली. एचबीओ या वाहिनीने पैसा ओतून लढतींची मालिकाच आखली आणि त्या मालिकेतून माइक टायसन तिन्ही पट्ट्यांचा धनी झाला, तेव्हा ती संपली.

दरम्यान संस्थाही वाढत गेल्या. वर्ल्ड बॉक्सिंग असोसिएशन आणि कौन्सिल या साठच्या दशकातल्या. १९८३ मध्ये इंटरनॅशनल बॉक्सिंग फेडरेशन आली, १९८८ मध्ये वर्ल्ड बॉक्सिंग ऑर्गनायझेशन. प्रत्येकीचा पट्टा वेगळा, क्रमवारी वेगळी आणि प्रत्येकीचा 'अनिवार्य आव्हानवीर' वेगळा. किताबी लढतीतील मानधनाचा ठरावीक हिस्सा, साधारण तीन टक्के, संस्थेला शुल्क म्हणून जातो. मग चार पट्टे एकाच कमरेला आले की चार अनिवार्य आव्हानवीर एकाच दारात उभे राहतात. एकाला भेटायचे तर दुसऱ्याच्या संस्थेची मुदत टळते. जून २०२४ मध्ये ओलेक्सांद्र उसिकच्या वाट्याला नेमके हेच आले. टायसन फ्युरीला मे महिन्यात रियाधमध्ये हरवून तो चारही पट्ट्यांचा पहिला एकमेव हेवीवेट विजेता झाला होता. लेनॉक्स लुईसनंतर जवळपास पाव शतकाने आलेले ते एकीकरण महिनाभरच टिकले. फ्युरीशी परतीची लढत करारात होती, फेडरेशनला डॅनियल ड्युबॉयशी लढत हवी होती. उसिकने एक पट्टा सोडून दिला.

याच्या जोडीला प्रवर्तक आणि वाहिन्या असतातच. लुईस एचबीओशी बांधलेला, टायसन शोटाइमशी. २००२ मध्ये दोन प्रतिस्पर्धी वाहिन्यांनी संयुक्त प्रक्षेपणाला मान्यता दिली तेव्हाच मेम्फिसची लढत उभी राहिली. २०२१ मध्ये फ्युरी आणि अँथनी जोशुआ यांची लढत सौदी अरेबियात ठरली, घोषणाही झाली. तेवढ्यात लवादाने निकाल दिला की फ्युरीने आधीच्या करारानुसार डिऑन्टे वाइल्डरशी तिसरी लढत द्यावी. ठरलेली लढत एका कागदाने मोडली. रिडिक बोचे उदाहरण तर प्रसिद्धच आहे: लुईसशी लढण्याऐवजी त्याने १९९२ मध्ये लंडनला कौन्सिलचा पट्टा कॅमेऱ्यांसमोर कचऱ्याच्या डब्यात टाकला. या एका प्रकरणात भीतीचा वास येतो हे मान्य करावे लागेल.

आता इकडे वळू. कुस्तीला हा रोग नवा आहे काय? १९१० मध्ये गामा लंडनला पोहोचला तेव्हा त्याची उंची कमी म्हणून त्याला स्पर्धेत प्रवेश नाकारला गेला, असे सांगितले जाते. त्याने उघड आव्हान दिले, डॉक्टर रोलरला लोळवले आणि १० सप्टेंबरला पोलंडच्या झ्बिस्कोशी अडीच तासांच्या आसपास झुंज दिली. झ्बिस्को बराच वेळ पालथा पडून राहिला. निकाल लागला नाही. १७ सप्टेंबरला पुन्हा कुस्ती ठरली, त्या दिवशी झ्बिस्को आलाच नाही. जॉन बुल पट्टा गामाला मिळाला. पण त्या काळचा अमेरिकी जगज्जेता फ्रँक गॉच याच्याशी गामाची कुस्ती कधीच झाली नाही. गॉचला प्रेक्षक, पैसा आणि किताब हे सारे घरबसल्या मिळत होते. एका हिंदुस्थानी मल्लाकडून हरण्याची जोखीम घेण्यात त्याच्या व्यवस्थापकांना कोणता नफा होता?

झ्बिस्कोशी निकाली कुस्ती व्हायला १९२८ साल उजाडावे लागले. ती पतियाळात झाली आणि मिनिटभरही चालली नाही. अठरा वर्षे जे लंडनच्या प्रवर्तकांना जमले नाही, ते एका संस्थानिकाला जमले. का जमले, याचे उत्तर सोपे आहे. दोन्ही मल्लांचा खर्च, मैदान, इनाम आणि मान यांचा दाता एकच होता. कोल्हापुरात शाहू महाराजांनी उभारलेले, १९१२ मध्ये खुले झालेले खासबाग मैदान याच अर्थव्यवस्थेतून उभे राहिले. राजाश्रयाच्या काळात जोड लावणे ही दरबाराची इच्छा असे. राजाला किताब विकायचा नव्हता. त्याला कुस्ती पाहायची होती.

संस्थाने विलीन झाली आणि तो दाता गेला. त्याची जागा संघटनेने घेतली. मामासाहेब मोहोळ यांच्या पुढाकाराने १९५३ मध्ये महाराष्ट्र राज्य कुस्तीगीर परिषद स्थापन झाली. १९६१ मध्ये पहिला महाराष्ट्र केसरी औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, झाला. दिनकर दह्यारी त्या किताबाचे पहिले मानकरी. स्थळाची निवड लक्षात घेण्याजोगी आहे. राज्य स्थापन होऊन जेमतेम वर्ष झाले होते. मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. बीडसारख्या जिल्ह्यातील तालमींचा कोल्हापूर-सांगलीच्या दरबारी कुस्तीशी संबंध तुलनेने तुटक होता. नव्या राज्याचा पहिला किताब मराठवाड्याच्या मातीत दिला जाणे हा योगायोग असो वा योजना, त्यातून एक गोष्ट निर्विवादपणे साधली. कोल्हापूरचा, नगरचा, बीडचा आणि विदर्भाचा पैलवान एकाच यादीत आला.

आणि इथे एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. महाराष्ट्र केसरी ही मुळातच एकीकरणाची कुस्ती आहे. गादी विभागातून एक विजेता निघतो, माती विभागातून दुसरा, आणि अखेरच्या दिवशी या दोघांची गाठ पडते. दोन परंपरा, दोन नियमावल्या, दोन प्रकारची शरीरे यांतून एक केसरी निवडण्याची ही युक्ती मुष्टियुद्धाला कधी साधली नाही. ज्या किताबाच्या रचनेतच एकीकरण होते, तो किताब दुभंगावा यात जी कडवट गंमत आहे ती तालमीतल्या पोरांना वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

दुभंग कसा झाला? २०२२ मध्ये भारतीय कुस्ती महासंघाने, ज्याचे अध्यक्ष तेव्हा ब्रिजभूषण शरण सिंह होते, राज्य परिषदेची कार्यकारिणी बरखास्त केली. परिषदेचे अध्यक्षपद दीर्घकाळ शरद पवार यांच्याकडे होते. नव्या महाराष्ट्र राज्य कुस्तीगीर संघाचे नेतृत्व वर्ध्याचे तत्कालीन खासदार रामदास तडस यांच्याकडे आले. प्रकरण न्यायालयात गेले. जानेवारी २०२३ मध्ये पुण्यात कोथरूडला स्पर्धा झाली, शिवराज राक्षे केसरी झाला; तोवर किताब एकच राहिला. नोव्हेंबरमध्ये मात्र संघाची स्पर्धा फुलगावला आणि परिषदेची धाराशिवला झाली. त्या महिन्यात देशाच्या महासंघालाच जागतिक कुस्ती संघटनेने निवडणुका वेळेत न घेतल्याबद्दल निलंबित केलेले होते. म्हणजे मान्यतेचा प्रश्न ज्या वरच्या दारात न्यायचा, त्याच दाराला कुलूप.

या वादाला केवळ राजकारण म्हणून सोडून देणे सोपे आहे, आणि राजकारण त्यात आहेच. पण व्यवहाराकडे पाहिले तर चित्र अधिक स्पष्ट होते. परिषद काय किंवा संघ काय, त्यांच्याजवळ विकण्याजोगी वस्तू एकच आहे: वर्षातून एकदा 'महाराष्ट्र केसरी' हे नाव वापरण्याचा अधिकार. तो अधिकार ज्या स्थानिक आयोजकाला मिळतो तो मैदान, मांडव, शेकडो पैलवानांचे जेवणखाण, चारचाकी गाडीचे बक्षीस असा कोट्यवधींच्या घरात जाऊ शकणारा खर्च उचलतो. त्याच्या मोबदल्यात त्याला पाच दिवस लाखभर डोळ्यांसमोर आपले नाव फलकावर ठेवता येते. आयोजक बहुधा आमदार, माजी आमदार किंवा होऊ घातलेला आमदार असतो. कुस्तीवर त्याचे प्रेम नसते असे नाही, पण निवडणुकीवर जरा जास्त असते. दोन संघटना आहेत म्हणून दोन आयोजकांची सोय होते. एकच राहिली तर एकाने घरी बसायचे. मुष्टियुद्धात चार पट्टे ज्या कारणाने टिकतात, त्याच कारणाने इथे दोन गदा टिकतात.

एक फरक मात्र मूलभूत आहे. मुष्टियुद्धात मल्लांना एकमेकांपासून दूर ठेवले जाते, कारण लढत हीच विक्रीची वस्तू आहे. महाराष्ट्रात मल्ल दोन्हीकडे खेळू शकले, एकमेकांना भिडलेही. वेगळा ठेवला गेला तो किताब. म्हणूनच 'दोघांची लावून द्या' हा उपाय इथे लागू पडत नाही. २०२३ मध्ये ती लागलेलीच होती, सिकंदर जिंकलेलाच होता. तरी कागदावर केसरी दोनच राहिले.

पुढच्या हंगामात तर दोन्ही स्पर्धा एकाच जिल्ह्यात झाल्या. फेब्रुवारी २०२५ मध्ये अहिल्यानगरला पृथ्वीराज मोहोळ केसरी झाला. त्या स्पर्धेत गादी विभागाच्या अंतिम कुस्तीतील निर्णयावरून शिवराज राक्षेने पंचाला लाथ मारली, अंतिम कुस्तीत महेंद्र गायकवाड आखाडा सोडून गेला आणि दोघांवर तीन वर्षांची बंदी आली. मार्चमध्ये त्याच जिल्ह्यातील कर्जतला वेताळ शेळके केसरी झाला. पंचाला लाथ मारणे समर्थनीय नाहीच. पण दोन घरे असलेल्या खेळात शिस्तीचे काय होते, हा प्रश्न त्या लाथेपेक्षा मोठा आहे. जिथे दुसरे दार उघडे असते तिथे पहिल्या दाराने घातलेल्या बंदीला अर्धेच वजन उरते. मुष्टियुद्धाने हे फार पूर्वी अनुभवले.

अहिल्यानगर, कर्जत आणि धाराशिव जिल्हा या तिन्हींच्या मधोमध बीड आहे. आष्टी तालुक्याची शीव कर्जतच्या बाजूला भिडते, पाटोद्याहून जामखेड हाकेच्या अंतरावर. याच पाटोद्याच्या राहुल आवारेने २०१८ मध्ये गोल्ड कोस्टला राष्ट्रकुल सुवर्ण आणि २०१९ मध्ये नूर-सुलतानला जागतिक कांस्य मिळवले. बीडच्या सईद चाऊसने महाराष्ट्र केसरीचा किताब जिल्ह्यात आणला. दसऱ्यानंतर ऊसतोडीला निम्मी गावे रिकामी होणाऱ्या या जिल्ह्यात पोराला तालमीत ठेवणे म्हणजे एक कोयता कमी करणे असते. दूध, तूप, बदाम, खुराकाचा खर्च वेगळाच. घरचा माणूस हा खर्च कशाच्या भरवशावर करतो? गदेच्या नव्हे. गदा राज्यात एकालाच मिळते. तो भरवसा असतो प्रमाणपत्राचा.

शासकीय नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे. त्यासाठी लागते मान्यताप्राप्त संघटनेच्या स्पर्धेतील पदक आणि क्रीडा विभागाची पडताळणी. राहुल आवारे, नरसिंग यादव, विजय चौधरी पोलीस उपअधीक्षक झाले ही गोष्ट बीडच्या प्रत्येक तालमीत पाठ आहे. सत्तर किलो गटात पदक मिळवून पोलीस शिपाई होऊ पाहणाऱ्या पोराची गोष्ट मात्र कोणी लिहीत नाही. त्याच्या प्रमाणपत्रावर सही कोणत्या सचिवाची? ज्या संघटनेने ते दिले तिची मान्यता त्या तारखेला होती की नव्हती? न्यायालयाने पुढे उलट निकाल दिला तर? दोन केसरी झाल्याने दोन्ही केसरींचे फारसे बिघडत नाही. गाडी दोघांनाही मिळते. बिघडते ते या पोराचे. दोन्ही स्पर्धांच्या बातम्यांत त्याचे नाव नसते, म्हणून चर्चेतही नसते.

आता हगाम्याकडे पाहू, कारण बीड-नगर पट्ट्यात ज्याला हगामा म्हणतात त्या जत्रेच्या कुस्त्यांत एक जुनी व्यवस्था अजून जिवंत आहे. चैत्रात ऊसतोड कामगार परततात, गावोगावच्या जत्रा भरतात. जत्रा कमिटी वर्गणी काढते. सकाळी पोरांच्या कुस्त्या रेवड्या-नारळावर सुरू होतात, दिवस कलेल तसे इनाम वाढत जाते आणि शेवटची कुस्ती लाखाच्या घरात पोहोचते. त्या शेवटच्या कुस्तीसाठी कमिटी कोणत्याही दोन नामांकितांना बोलावू शकते. त्यांच्याकडे कोणत्या संघटनेची गदा आहे हे कोणी विचारत नाही. वस्तादांना फोन जातो, रक्कम ठरते, इसार दिला जातो, जोड लागते. जे दोन संघटनांना बैठकांवर बैठका घेऊन साधले नाही, ते हजार-दीड हजार उंबऱ्यांचे गाव एका दुपारी साधते. पतियाळाच्या महाराजांचे तर्कशास्त्रच इथे वर्गणीत वाटले गेले आहे: दाता एक, आणि त्याला कुस्ती पाहायची आहे.

हगाम्याचे गोडवे गाताना त्याची खोट विसरता कामा नये. दोन्ही मल्लांना पुढच्या गावची कुस्ती धरायची असते. म्हणून हरण्यापेक्षा बरोबरी बरी वाटते, अर्धा तास खडाखडी चालते, पंच मध्ये पडतात आणि इनाम वाटून दिले जाते. नुरा कुस्ती हा शब्द काही उगाच जन्माला आला नाही. शिवाय हगाम्याच्या निकालाची नोंद कोणत्याच दप्तरात होत नाही. सिकंदरने शिवराजला उद्या आष्टीत दहा हजार लोकांसमोर चितपट केले तरी क्रीडा विभागाच्या लेखी ती कुस्ती झालीच नाही. हगामा जोड लावू शकतो, किताब देऊ शकत नाही. संघटना किताब देऊ शकतात, आणि त्याच्या जोरावर जोड लावण्याची गरजच त्यांना उरत नाही.

मग दाब कोणाचा चालेल? मुष्टियुद्धात १९८७ ला तो वाहिनीचा चालला, २०२४ ला सौदी तिजोरीचा. महाराष्ट्रात दोन्ही संघटना ज्याच्याकडे हात पसरतात असा दाता एकच आहे: राज्य शासन. केसरीचे मानधन शासन देते, नोकरी शासन देते, प्रमाणपत्राची पडताळणी शासन करते. 'एका वर्षात एकच निवड चाचणी, एकच दिनदर्शिका. त्याखेरीज कोणत्याही स्पर्धेला मानधन, नोकरी आणि गुण नाहीत' एवढा एक आदेश दोन्ही बाजूंना एका टेबलाशी बसवायला पुरेसा आहे. लुईस-टायसन लढतीसाठी दोन वैरी वाहिन्यांनी संयुक्त प्रक्षेपण केले, तसे दोन संघटनांनी संयुक्त स्पर्धा भरवावी; मान्यतेचा खटला न्यायालयात त्याच्या गतीने चालू दे. यात धोका आहेच. ज्याच्या हाती थैली, त्याच्या हाती पंच, हे राजाश्रयातही घडत असे, आणि शासनात बसलेली माणसे याच संघटनांच्या व्यासपीठावरही बसतात. आजवर असा आदेश का निघाला नाही याचे उत्तर बहुधा याच वाक्यात आहे.

तोवर चैत्र येईल, पाटोदा-आष्टीच्या गावांत तांबडी माती पुन्हा चाळली जाईल. त्या मातीत उतरणारी पोरे वर्षाच्या अखेरीस जिल्हा निवड चाचणीला जातील, आणि कोणत्या चाचणीला जायचे हे आधी वस्तादाला विचारतील. वस्तादालाही ते ठाऊक नसेल, तर दोन्हीकडे जातील. वजन दोनदा उतरवतील, एसटीचे तिकीट दोनदा काढतील.